यानाचं नाक

"परत उघडलंत तुम्ही ते."

"उघडलं नाही. नाक सैल पडलं होतं, दाबून घेतलं."

"दाबून घेतलं? मग पंख कुठे आहेत, बाबा?"

"हे काय, ताटात."

"आणि पोट?"

"वाटीत. सगळं इथेच आहे. मोजून ठेवलंय, एक हरवलेलं नाही."

"हरवलं असं म्हणतंय कोण?"

"ताट माजा मोकळा करा आदी," आतून रमाबाईंचा आवाज आला. "भाकरी काय हातार वाढू सगळ्यांका?"

घोडपदेवच्या आमच्या चाळीत घाड्यांची आणि आमची खोली यांच्यामध्ये जी भिंत आहे ती भिंत म्हणायची म्हणून. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आम्ही सांगतो. त्यामुळे हे सगळं मी ऐकतच होते. तेवढ्यात रमाबाईंनी भिंतीवर दोनदा थाप मारली. "मेघना, ये गो जरा. ही दोगां माजा ऐकनत नाय."

गेले. रुपाली, त्यांची सून, नुकतीच कामावरून आलेली, पर्स अजून खांद्यालाच. रमाबाईंचे यजमान गुणाजीकाका चटईवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात स्टीलचं ताट, भोवती चार वाट्या. एकीत पांढरे ठोकळे, एकीत करडे, एकीत काळे आणि शेवटच्या वाटीत काचेसारखे पारदर्शक दोनच. मुलांच्या खेळण्यातले प्लॅस्टिकचे ठोकळे. ते जोडले की वीतभर लांबीचं अंतराळयान होतं. ते मयूरने केलं होतं. मयूर म्हणजे काकांचा मुलगा, रुपालीचा नवरा. त्याचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता.

"सातवी वेळ आहे ही," रुपाली मला म्हणाली. "तूच सांग, यात त्याचं काय उरलंय?"

"सगळं त्याचंच आहे," काका ताटाकडे बघत म्हणाले. "मी फक्त बरं करतोय."

"काय झालं होतं त्याला, बरं करायला?"

"नाक खाली येत होतं."

"येऊ दे ना. तुमच्या अंगावर पडत होतं का?"

रुपालीने पर्स काढून खुंटीला लावली आणि मग, आवाज न चढवता, जे सांगायचं होतं ते सांगितलं. "बाबा, मी रविवारी शीवला जातेय, आईकडे. ते मला न्यायचंय. तुमचं नाही, त्याचं न्यायचंय. त्याने ठेवलं होतं तसंच्या तसं."

शीवला जातेय हे रमाबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं. आईला बरं नाही, एवढंच तिने सांगितलं होतं. परत कधी येणार हे कोणी विचारलं नव्हतं. काकांनी खाटेखाली हात घालून एक फाइल ओढली. आत ग्राफचे सात कागद, प्रत्येकावर कोपऱ्यात आकडा. त्यांनी खालचा, एक नंबरचा, वर काढला.

"पहिल्यांदा हात लावायच्या आधी उतरवून घेतलं होतं. थराथराने. एकूण एक ठोकळा आहे यात. जसं होतं तसं करून देतो."

"रविवारच्या आत?"

"शनिवारी घे."

"आणि ताट?" रमाबाई म्हणाल्या.

काका अठराव्या वर्षी कणकवलीजवळच्या गावातून मुंबईत आले आणि मामाच्या ओळखीने गिरणीत लागले. मामा साचेखात्यात, म्हणजे मागांवर. भाच्याची नजर स्थिर आणि हात बारीक, म्हणून त्याला डिझाइन खात्यात कार्डं पंच करायला बसवलं. कापडावर जी वेलबुट्टी यायची ती आधी ग्राफच्या कागदावर रंगवलेली असे, एक चौकोन म्हणजे एक धागा. तो कागद ओळीने वाचत पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे धागा उचलला जाणार, नसेल तिथे नाही. एक भोक चुकलं की तीच चूक कापडभर उमटत जायची. तपासणारा कार्ड उजेडाला धरायचा आणि दोनच शब्द बोलायचा. 'चालेल', नाहीतर 'परत'.

पाच वर्षं हे केलं आणि ब्याऐंशीचा संप आला. त्यानंतर सत्तावीस वर्षं काका लालबागच्या एका कारखान्यात मिठाईची आणि चपलांची खोकी कापत होते. पण ते दोन शब्द त्यांच्याबरोबर घरी आले ते आलेच. रमाबाईंची आमटी 'चालेल'. मयूरचे बारावीचे अठ्ठ्याहत्तर टक्के 'चालेल'. रुपालीला बघून परतताना तिच्या बिल्डिंगच्या जिन्यातच ते 'चालेल' म्हणाले, आणि दार लावायला आलेल्या तिच्या आईने ते ऐकलं. ती पुढे कितीतरी दिवस जावयाला विचारायची, "चालतेय ना रे आमची?"

लग्नाच्या साड्या घ्यायला सगळे हिंदमाताला गेले होते. दुकानदार शालू उलगडत होता आणि काका प्रत्येक शालू उलटा करून मागचे धागे बघत होते.

"काका, सुलटी बाजू बघा ना."

"सुलटी सगळ्यांचीच चकचकीत असते. मागे बघ, धागे लोंबतायत. परत."

असे चार शालू परत गेले. रुपाली पदराआड इतकी हसली की तिला ठसका लागला. पाचवा 'चालेल' झाला तेव्हा दुकानदाराने काकांपुढे हात जोडले. ही गोष्ट रुपाली अगदी परवापर्यंत सांगायची, काकांच्या आवाजासकट.

तिच्या वेळी ते हसण्यावारी गेलं. मयूर मात्र त्यातच वाढला होता.

मयूर लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. दादरच्या एका सोसायटीत गेला असताना, घर रिकामं करणाऱ्या एका बाईंनी पिशवीभर ठोकळे त्याच्या हातात दिले. 'घेऊन जा, तुमच्या मुलांना होतील.' मुलं नव्हती. घरी आणून त्याने ते परातीत ओतले, साबणाने धुतले, आणि तिथून त्याला नाद लागला. जेवण झालं की मोबाइल बाजूला ठेवून तो परात ओढायचा. पहिलं यान बुटासारखं झालं. दुसऱ्याचे पंख उचललं की हातात यायचे. मग त्याच्या लक्षात आलं की मोठं करण्यात गंमत नाही, लहान करत जाण्यात आहे. ठोकळ्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांना तो बटणं म्हणायचा. त्याने माप ठरवलं, एक बटण म्हणजे दहा फूट. त्या मापाने माणूस दाखवताच येत नव्हता.

"मगे ह्या इमानात बसतला कोण?" रमाबाईंनी विचारलं होतं.

"विमान नाही गं आई, स्पेसशिप. आम्ही दोघं बसणार. ही बघ आमची खोली." एका बाजूला, पंखाच्या वर, त्याने ते दोन पारदर्शक ठोकळे लावले होते.

"माका तर दिसनत नाय कोण."

"बसलोय असं समजायचं."

"येवड्याशा खोलयेत दोगां. म्हंजे हय होता तसाच."

चार महिने तो ते करत होता. एक ठोकळा कमी करायचा, दुसरा सरकवायचा, लांबून बघायचा, रुपालीला विचारायचा. त्याला नाक लांब हवं होतं, आणि लांब नाक फक्त दोन बटणांवर टेकलेलं. शेवटी एका गुरुवारी, काका चहा पीत असताना, त्याने ते तळहातावर ठेवून त्यांच्यासमोर धरलं. मी तेव्हा रमाबाईंकडे डबा परत द्यायला गेले होते, म्हणून बघितलं. चौतीस वर्षांचा माणूस, कामाचा निळा शर्ट अजून अंगात, आणि हात असा पुढे केलेला. काकांनी यान घेतलं. डोळ्यांच्या पातळीला आणलं. उलटं केलं, पोट बघितलं. मग सुलटं करून एक डोळा मिटला.

"नाक खाली येतंय. परत."

"करतो बाबा. रविवारी करतो," मयूर हसून म्हणाला आणि यान घेऊन त्याने शोकेसवर ठेवलं.

शनिवारी दुपारी शिवडीच्या एका बिल्डिंगमध्ये काम करता करता तो खाली बसला. सोबतच्या माणसाला वाटलं ऊन लागलं. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले आणि मग एका दुपारी काकांनी शोकेसवरून यान खाली काढलं. आधी शेजारी ग्राफचा कागद घेऊन बसले, बघून बघून एकेक थर उतरवला. त्यानंतर नाकाखाली एक लांब चपटा ठोकळा लावला. नाक वर आलं, पण शेपूट जड झालं. म्हणून इंजिनं एक बटण पुढे घेतली. मग पंख मागे वाटायला लागले. असं करत करत सात वेळा. सुरुवातीला रुपालीच त्यांना लालबागहून सुटे ठोकळे आणून द्यायची. म्हणायची, बसूदेत, काहीतरी करतात तरी. रमाबाई तर कोणालाही सांगायच्या, "झिलाचा काम पुरा करतत हां."

ते खरंच सुधारत होतं, हेही सांगायला हवं. सहाव्या खेपेचं यान इतकं नीट होतं की आमच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. रुपाली तेव्हा दारात उभी होती. तिने ते बघितलं आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून तिने शोकेसकडे बघणं सोडलं.

ठरल्याप्रमाणे या शनिवारी दुपारी काकांनी भिंतीवर थाप मारून मलाही बोलावलं. यान तयार होतं. शोकेसवर, दरवाजाकडे तोंड करून, पूर्वी असायचं तसं ठेवलेलं. नाक थोडं झुकलेलं. ते तसं ठेवणं काकांना किती जड गेलं असेल हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले होते.

"ये, बघून घे," ते रुपालीला म्हणाले.

रुपाली जवळ गेली. वाकली. एक बोट नाकावर ठेवलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं. मग ती थांबली.

"खोली कुठे आहे?"

"आहे की. ही काय, या बाजूला."

"ही भिंतीची बाजू आहे, बाबा. खोली खिडकीच्या बाजूला होती."

"नाही. कागदात आहे तशीच आहे."

"कागदात काहीही असूदे. मी इथे आरशासमोर केस विंचरायचे. खिडकीतला उजेड त्या दोन ठोकळ्यांतून आरशावर पडायचा. रोज बघितलंय मी."

"तुला तसं वाटत असेल."

"मला वाटत असेल?" रुपालीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला काय होतं ते माहीत नाही, आणि तुमच्या कागदाला माहीत आहे?"

"कागद खोटं नाही बोलणार."

"मग मी बोलते का खोटं?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मेघना," रमाबाई माझ्याकडे वळल्या, "तू आयलंलंस नाय गो तेवा? खंय व्हती खोली?"

मी आठवून बघितलं. मला मयूरचा निळा शर्ट आठवत होता, त्याचा पुढे केलेला हात आठवत होता. खोली आठवत नव्हती. तसं सांगितलं.

काकांनी एक नंबरचा कागद आणला आणि खिडकीत उजेडाला धरला. बोट ओळीवर ठेवून वाचायला लागले. मी बाजूला उभी होते. त्यांचं बोट कागदाच्या उजव्या टोकाला सुरू झालं आणि डावीकडे सरकत गेलं. दुसरी ओळ, पुन्हा उजवीकडून. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट थांबलं.

त्यांनी कागद खाली घेतला.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "वाचला उलटा."

"म्हणजे?"

"साच्यावर कापड उपडं विणतात. सुलटी बाजू खाली. म्हणून कार्डं पंच करणाऱ्याने कागद उजवीकडून वाचायचा. तसं वाचलं नाही तर मोराचं तोंड उलटीकडे जातं. पहिल्याच दिवशी मामाने हातावर पट्टी मारून शिकवलं होतं." त्यांनी स्वतःच्या बोटाकडे बघितलं. "कागदावर काढताना यान बघून काढलं, म्हणून बरोबर आलं. लावताना हाताने वाचलं."

"गिरण बंद झाली," रमाबाई म्हणाल्या, "माणसा गेली, आणि ह्यांची कार्डा अजून चलतत."

कोणी हसलं नाही. म्हणजे मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. रुपाली खाटेवर बसली. काकांनी यान शोकेसवरून काढलं, ताट घेतलं आणि चटईवर बसून पुन्हा सुटं करायला लागले. टक, टक, एकेक ठोकळा. रमाबाईंनी या वेळी ताट मागितलं नाही.

संध्याकाळी रुपाली गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. मी तिच्या हातातले घेऊन घड्या करत होते. तिचे वेगळे, घरातले वेगळे. ती म्हणाली, "तुला माहितीये का त्यांना एवढं काय झालंय त्या नाकाचं?"

"तेच शेवटचं बोलले ना ते त्याला."

"हो. आणि त्यांना वाटतं मयूर हसून गेला. हसला तो. तुझ्यासमोर हसला. तू गेल्यावर, बाहेर खाऊन आलोय सांगून जेवला नाही. इथे गॅलरीत मी म्हटलं, अरे बाबांचं काय मनावर घेतोस, शालूच्या दुकानात बघितलंस ना त्यांना. तर म्हणाला, 'यापुढे बाबांना काही दाखवायचं नाही.' एवढंच. झोपला मग." तिने एक शर्ट दोनदा झटकला. "यापुढे म्हणे. दोन दिवसांचं यापुढे."

"तू त्यांना सांगितलंस हे?"

"कसं सांगू? तेरा महिने त्यांच्यासोबत एका खोलीत राहतेय. ते विचारतील आणि माझ्या तोंडून निघेल, म्हणून मी त्यांच्याशी बोलताना भाजीचं बोलते, पाण्याचं बोलते. आणि तो काहीच बोलला नाही असं खोटं सांगायचं, तर तेही जमत नाही गं. त्याचं शेवटचं रागावणं होतं. ते तरी त्याचं राहूदे."

मी घडी गठ्ठ्यावर ठेवली. ती म्हणाली, "म्हणून जातेय. आई आजारी-बिजारी काही नाहीये."

रविवारी अकरापर्यंत यान पुन्हा झालं. या खेपेला काकांनी प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला पेन्सिलने बाण काढला होता, आणि बोट चुकू नये म्हणून उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने ठोकळे लावले होते. शोकेसवर ठेवलं तेव्हा उजेड दोन ठोकळ्यांतून आला आणि आरशाच्या कडेला एक फिकट डाग पडला.

रुपाली आरशासमोर उभी राहिली. मग मान हलवली. "असंच होतं."

काकांनी त्यासाठी पुठ्ठ्याचं एक खोकं कापून ठेवलं होतं. पंखांना खाचा, पोटाला बैठक, झाकण दाबलं की हलकासा आवाज येऊन बसणारं. यान त्यांनीच आत ठेवलं. नाकाजवळ हात आला तसा अंगठा आपोआप नाकाखाली गेला. रुपालीने तो बघितला, काकांनीही बघितला. त्यांनी अंगठा काढून घेतला.

रमाबाईंनी पिशवीत आमसुलं भरली, तिरफळं भरली, परत काढून दुसऱ्या पिशवीत भरली. "आवशीक सांग, मी इचारलंय म्हणान. आणि दर सनवारी फोन कर. नको तर नको, पन कर."

"करते, आई."

"आमचा काय, आमी दोगांच. भाकरेक ताटा भरपूर झाली आता."

रुपाली रमाबाईंच्या पाया पडली. मग काकांच्या पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. ती वाकलेली तशीच थांबली.

"रुपाली."

"हं."

"चांगलं केलं होतं त्याने," काका म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडी कधी ऐकला नव्हता. रमाबाईंनीही नसावा, त्यांनी पिशवी खाली ठेवली. "नाक जरा झुकायचं. पण यान चांगलं होतं."

"हो बाबा."

"मला त्या गुरुवारी कळलं होतं ते. लगेच कळलं होतं. मी म्हटलं, नाक तेवढं झालं की मग सांगू." त्यांनी हात खाली घेतला. रुपाली सरळ उभी राहिली, पण त्यांच्याकडे बघत नव्हती. "तो त्या दिवशी रात्री... तुझ्याशी तरी बोलला असेल. मी परत म्हटलं त्याला, ते त्याला लागलं होतं का गं?"

मी रुपालीकडे बघितलं नाही.

"काय म्हणाला तो?" काकांनी पुन्हा विचारलं. "काय असेल ते सांग. मला चालेल."

रुपालीने खोकं दोन्ही हातांनी उचललं. रमाबाईंची पिशवी मनगटात अडकवली. दाराशी जाऊन चपलांत पाय सरकवले, एक चप्पल उलटी पडली होती ती पायानेच सुलटी केली, आणि गॅलरीतून जिन्याकडे चालत गेली.